चोक ओढायचा, हँडल मारायचं

जुनी जीप हँडल मारून सुरू करायची, तर पहिला धडा अंगठ्याचा. चारही बोटं दांड्याच्या खालून घ्यायची आणि अंगठा त्यांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ आवळायची नाही. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली रेटायचं नाही. क्लीनरच्या पायाखाली क्लच यायच्या आधी त्याला एवढं शिकवलेलं असायचं, कारण इंजिन कधी कधी उलटं फिरायचं. हँडल झटक्यात मागे यायचं. अंगठ्याने दांड्याला विळखा घातलेला असला, तर मनगट मोडायचं. विळखा नसला, तर दांडा बोटांतून निसटून जायचा, इतकंच.

पण लोखंडाचं इंजिन उलटं का फिरेल?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. एकदम भडकतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर ठिणगीपासून निघालेल्या ज्वाळेला सगळं मिश्रण पेटवायला वेळ लागतो. सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच, पण लागतो. इंजिन वेगात असेल, तर तेवढ्यात पिस्टन बराच पुढे गेलेला असतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पाडावी लागते. मात्र हँडलने इंजिन सावकाश फिरत असताना ठिणगी अशी आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनला ज्वाळा वाटेतच गाठते आणि खाली लोटते. इंजिन उलटं फिरतं.

म्हणजे इंजिन सावकाश असताना ठिणगी उशिरा हवी आणि वेगात असताना लवकर. ही वेळ सांभाळायची कोणी? डिस्ट्रीब्युटरचं काळं झाकण काढा, खालची पट्टी उचला. लोखंडाची दोन छोटी वजनं स्प्रिंगांना अडकवलेली दिसतील. वेग वाढला की ती गरगर फिरता फिरता बाहेर फेकली जातात, आणि बाहेर सरकताना ठिणगीची वेळ अलीकडे ओढतात. ना चिप, ना प्रोग्रॅम. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात चार सिलिंडरच्या इंजिनाला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, आणि त्या शंभरही ठिणग्यांची वेळ ही दोन वजनं ठरवतात! गडचिरोलीतल्या चामोर्शीच्या, धानोऱ्याच्या रस्त्यांवर जीपच्या बॉनेटखाली हे गणित वर्षानुवर्षं चालू होतं आणि आत बसलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पहिली गाडी म्हटलं की पुण्यामुंबईच्या माणसाला घरची फियाट आठवते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी पुढे पद्मिनी झाली. चंद्रपूर शहरात, बल्लारपूरच्या पेपरमिलच्या वसाहतीत, भद्रावतीच्या आयुध निर्माणीतही अशा आठवणी सापडतील. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरची काठी, म्हणून पुढच्या अखंड सीटवर आरामात तिघं. मग १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि मध्यमवर्गाच्या अंगणात गाडी आली.

वैनगंगा ओलांडली की ही गोष्ट बदलते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चांद्यातून, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून, वेगळा झाला. १४,००० चौरस किलोमीटरहून मोठा जिल्हा, त्यातला तीन चतुर्थांश भाग जंगल, आणि कित्येक दशकं रेल्वेचं स्टेशन एकच, वडसा. अशा मुलखात पहिली गाडी घरची नसायची. ती कोणाची तरी असायची. वनखात्याची जीप, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप, दवाखान्याची जीप. पुढे काळी-पिवळी आली. आत दहा, मागच्या पायरीवर चार, टपावर कोंबड्या आणि पोती. आधी जीप-कमांडर, मग ट्रॅक्स, मग सुमो. इथल्या माणसाला पहिल्या गाडीबद्दल विचारलं, तर तो मॉडेल सांगत नाही. ड्रायव्हरचं नाव सांगतो. मला ते फार योग्य वाटतं, कारण त्या गाड्यांमध्ये ड्रायव्हर हा इंजिनाचाच एक भाग होता.

कसा, ते हिवाळ्याच्या सकाळी कळायचं.

जंगलातली डिसेंबरची थंडी हाडात शिरणारी. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, पेटते त्याची वाफ. थंड इंजिनात ती पुरेशी होत नाही. आता पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर कसा चालतो पाहा. मलेरियाच्या या मुलखात फ्लिटचा हातपंप घरोघरी ठाऊक होता. पंप दाबला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जाते आणि खालच्या डब्यातलं औषध वर ओढून त्याचा फवारा करते. कार्बोरेटर अगदी तेच करतो. इंजिन हवा ओढतं, ती एका आवळलेल्या गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि जेटच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल आपोआप वर येऊन हवेत मिसळतं. वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे त्याचं आदर्श प्रमाण. थंडीत मात्र पेट्रोल जास्त लागतं. म्हणून डॅशबोर्डवरची एक गुंडी ओढायची. त्या गुंडीची तार कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप बंद करते, हवा कमी पडते, पेट्रोल जास्त ओढलं जातं. हाच चोक!

किती ओढायचा? ते कुठे लिहिलेलं नव्हतं. कमी ओढला तर गाडी खोकून बंद. जास्त ओढला, पुन्हा पुन्हा ओढला, तर प्लग पेट्रोलने भिजले, गाडी ओव्हर झाली, कच्च्या पेट्रोलचा वास सुटला. मग थांबा, प्लग काढा, पुसा. इंजिन गरम होत गेलं की चोक बोटाबोटाने आत ढकलायचा. इंजिनाचा आवाज ऐकून, हाताला लागणारी थरथर ओळखून ड्रायव्हर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवत होता. आज हे काम संगणक करतो. त्या दिवसांत ते काम कानाचं होतं.

उन्हाळ्यात नेमकं उलटं संकट. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांना टेकतो. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले सगळ्यात हलके भाग चाळिशीच्या आसपासच उकळू लागतात. त्यात जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटवलेला. तो टाकीतून पेट्रोल ओढायचा, आणि ओढताना नळीतला दाब कमी व्हायचा. दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफेचा बुडबुडा धरला की संपलं, कारण तो पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही. टाकी भरलेली, इंजिन धडधाकट, आणि गाडी मूल-सावलीच्या रस्त्यावर भर दुपारी गप्प.

मग ड्रायव्हर उतरायचा, फडकं मडक्यातल्या पाण्यात बुडवायचा आणि पंपावर गुंडाळायचा. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं, पंप निवतो, बुडबुड्याचं परत पेट्रोल होतं, गाडी चालू. आताच्या गाडीत पंप कुठे असतो माहीत आहे? टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडवलेला! भोवतीचं पेट्रोल त्याला थंड ठेवतं, आणि तो ओढत नाही, मागून दाब देऊन ढकलतो. नळीत दाब जास्त, म्हणून उकळायला वावच नाही. पंपाची जागा बदलली आणि ओल्या फडक्याचं काम संपलं.

रात्री आणखी एक गंमत. जुन्या जीपमध्ये वीज करायला डायनमो असायचा आणि तो सावकाश फिरताना जेमतेम वीज द्यायचा. गाडी हळू झाली की दिवे पिवळे पडायचे. समोर रस्त्यात काहीतरी काळं हललं, अस्वल आहे की रानडुक्कर ते बघायला ड्रायव्हर ब्रेक मारणार, आणि ज्या क्षणी उजेड हवा त्याच क्षणी तो मावळणार! म्हणून जागेवर उभ्या गाडीची रेस वाढवायची. १९६० च्या दशकात सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले, अल्टरनेटर आला आणि तो सावकाश फिरतानाही पुरेशी वीज देऊ लागला. आपल्या जंगलात हा बदल बराच उशिरा पोचला.

आणि बिघाड? ट्रंकेत पाने, पक्कड, पेचकस, तार, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. पेट्रोलची टाकी दगड लागून चिरली, तर कपडे धुण्याचा साबण मळून चिरेत दाबायचा. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही, म्हणून तो तिथे घट्ट बसतो. रेडिएटर गळू लागला, तर आत मूठभर हळद. गरम पाण्यात हळदीचे कण फुगतात, पाण्याबरोबर वाहत गळतीच्या भोकाशी येतात आणि तिथेच अडकून ते बुजवतात. हे उपाय पहिल्यांदा कोणी शोधले, कोण जाणे. पण त्या अज्ञात ड्रायव्हरांना पदार्थविज्ञान कळत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पावसाळ्यात रपटे. रपट्यावरून गुडघाभर पाणी चाललंय आणि पलीकडे जायचंय. पेट्रोलच्या जीपचा पंखा ते पाणी उडवून डिस्ट्रीब्युटरवर मारायचा. तिथे कॉइल १२ व्होल्टचे वीस-वीस हजार व्होल्ट करत असते, ओल आली की एवढी वीज भलत्याच वाटेने निघून जाते आणि ठिणगी विझते. म्हणून जाणते ड्रायव्हर पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा काढून ठेवायचे आणि पलीकडे गेल्यावर परत चढवायचे. डिझेलच्या जीपला ही भानगडच नव्हती, कारण डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली की नुसत्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. हवा घेणारं तोंड पाण्याच्या वर राहिलं, की इंजिन पाण्यातही धडधडत राहतं. पेट्रोल महाग होत गेलं तसं कित्येकांनी जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. कारण पैशाचं होतं, फायदा पर्लकोटेसारख्या नद्यांच्या काठीही झाला.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो डिसेंबर १९७३ मध्ये. पावसाळा लागला की भामरागडचा तो सगळा भाग बाहेरच्या जगापासून तुटायचा. तिथल्या दवाखान्यात रोगी खाटेवर घालून माणसांच्या खांद्यावरून यायचा. अशा ठिकाणी चारही चाकांना ताकद देणारी गाडी म्हणजे काय, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. तिचं यंत्र मात्र सांगता येतं.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही एकाच सळईला घट्ट बसवली, तर एक फरफटणार. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो, दातेरी चक्रांचा एक जुडगा, जो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पॅरिसच्या पेक्यूर नावाच्या कारागिराने १८२७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पेट्रोलची मोटार जन्मायच्या कितीतरी आधी! पण या सुंदर यंत्रात एक खोट आहे. एक चाक चिखलात आणि दुसरं कोरड्या मुरुमावर असेल, तर चिखलातलं चाक गरगरतं आणि मुरुमावरचं नुसतं उभं राहतं. जिथे पकड नाही तिथेच सगळं फिरणं जातं. गाडी फसते.

जीपचं उत्तर सरळ होतं. पुढच्या चाकांनाही ताकद द्या. मागचं चाक फसलं तरी पुढचं ओढेल. गिअरच्या काठीशेजारी छोट्या काठ्या असायच्या. फोर व्हील टाकायचं, लो गिअर टाकायचा, आणि गाडी माणसाच्या चालीने चिखल कापत निघायची. हे यंत्र जन्मलं युद्धासाठी. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून ६ लाखांवर जीपगाड्या बनवल्या. त्यातल्या उरल्यासुरल्या लिलावात निघाल्या, आणि १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीजचे सुटे भाग जोडून जीप बनवायला सुरुवात केली. युरोपातल्या रणगाड्यांच्या चिखलासाठी आखलेली गाडी धानाच्या बांध्यांमध्ये अशी रुळली, जणू तिथेच तिचा जन्म झाला होता.

आजची गाडी तीच खोट वेगळ्याच युक्तीने काढते. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते मोजतो. मूळ काम एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारताना चाक जॅम होऊ न देण्याचं. पण एक चाक चिखलात गरगरतंय हेही त्याला कळतं. मग संगणक फक्त त्या एका चाकाला ब्रेक लावतो. ते अडलं की डिफरन्शियलची ताकद नाइलाजाने मुरुमावरच्या चाकाकडे जाते. पाहा तर खरं! ब्रेक लावून गाडी पुढे काढायची!

आता मुख्य प्रश्न. पेचकसाने दुरुस्त होणारी गाडी गेली कुठे? तार, साबण आणि हळद यांची विद्या निकामी का झाली? कंपन्यांनी मुद्दाम केलं, असं पुष्कळ लोक म्हणतात. कारण वेगळं आहे, आणि त्यात एका माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतल्या ओहायोचा इंजिनिअर. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी ठिणगीची पद्धत त्याची. आपले मिस्त्री कानशीने घासायचे ते पॉइंट, ज्यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फट ठेवायची. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आलेला विजेचा सेल्फ स्टार्टरही त्याचाच. मनगटं मोडणाऱ्या हँडलपासून जगाला सोडवलं ते याने. आणि १९२१ मध्ये याच्याच हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालून इंजिनातली ठकठक, म्हणजे नॉकिंग, बंद केली. इंजिन सुखाने चालू लागलं, आणि पुढची कित्येक दशकं जगातल्या प्रत्येक रस्त्यावर शिसं धुरातून मुलांच्या रक्तात जात राहिलं.

यापुढची साखळी एकदा नीट पाहा. धूर स्वच्छ करायला सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचं ठरलं. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्या थरावरून जाताना बदलतात आणि बाहेर पडतात ते मुख्यतः पाणी, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन. पण शिसं त्या थरावर बसलं की तो मरतो. म्हणून शिसं काढावं लागलं. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांपासून सुरुवात झाली आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. आणखी एक अट होती. हवा-पेट्रोलचं प्रमाण त्या १४.७ च्या अगदी जवळ असेल, तरच कन्व्हर्टर तीन प्रकारचे विषारी वायू एकदम साफ करतो. ड्रायव्हरच्या कानाने आणि जेटच्या भोकाने एवढी अचूकता साधणं शक्यच नव्हतं.

म्हणून एक्झॉस्टच्या नळीत एक सेन्सर बसवला गेला. झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा तुकडा. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला तापलेला धूर, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकाने तो तुकडा स्वतःच वीज निर्माण करतो, एक व्होल्टच्याही आत! ती वीज वाचून संगणक ठरवतो की पुढच्या फवाऱ्यात पेट्रोल कणभर कमी की जास्त. प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर, फवारा किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा प्रत्येक वेळी नवा हिशेब. थंडी आहे का, इंजिन तापलंय का, पाय किती दाबलाय, सगळं धरून. चोकची गुंडी गेली, कारण तिचं काम सेकंदाला कित्येकदा कोणीतरी आत बसून करतंय. डिस्ट्रीब्युटरची दोन वजनं गेली. पॉइंट गेले. रस्त्याकडेची दुरुस्तीही गेली, आणि तिच्या बदल्यात चंद्रपूरच्या जटपुरा गेटपाशी उभ्या असलेल्या पोराच्या नाकातोंडात शिसं जायचं थांबलं. मला जुन्या जीपचं कितीही प्रेम असलं, तरी हा सौदा बरोबर होता.

या स्थित्यंतराची सगळी कहाणी एकाच गाडीच्या अंगावर वाचायची असेल, तर ताडोब्याला चला. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलात मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा कोणत्याही गेटवर पहाटे जिप्सींची रांग दिसते. मारुतीची जिप्सी आली १९८५ च्या शेवटी, ९७० सीसीच्या छोट्या इंजिनासह. वजन टनाच्या आसपास, पुढेमागे पाटे, खाली शिडीसारखी चासी, गरजेपुरतं फोर व्हील. हलकी असल्याने जिथे जड गाडी रुतते तिथून ती निघून जायची. आधी कार्बोरेटर, १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन, आणि २००० मध्ये, शिसं गेलं त्याच वर्षी, पेट्रोलचं इंजेक्शन. बाकी गाडी तीच!

जंगलात या इंजेक्शनचा अर्थ वेगळा आहे. गाइड हात वर करतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो. सांबराचा धोक्याचा कॉल येतो, मग वानराचा. सगळे श्वास रोखून ऐकतात. कॉलची दिशा कळली की किल्ली फिरवायची आणि गाडी त्याच क्षणी, न खोकता, चालू झाली पाहिजे. चोक, हँडल आणि रेस यांच्या गाडीत ही सफारी कशी झाली असती, विचार करून बघा.

२०१९ मध्ये जिप्सीचं नागरी उत्पादन थांबलं. दुसरी कोणतीही गाडी तिची जागा घ्यायला समर्थ होती म्हणून नव्हे. त्या वर्षी नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, टकरीच्या चाचण्या कडक झाल्या, वर्षभराने बीएस-६ ची धुराची मर्यादा येणार होती, आणि तिचा आराखडा ऐंशीच्या दशकातला. आपण म्हणतो, जुन्या गाड्या दणकट होत्या, पत्रा जाड होता. खरंच होता. पण जाड पत्रा चेपला नाही, की टकरीचा सगळा धक्का आतल्या माणसाच्या छातीत जातो. नवी गाडी पुढून चुरगळते ती मुद्दाम. बॉनेटकडचा भाग चेपताना धक्का शोषून घेतो आणि माणसाभोवतीचा पिंजरा तेवढा टणक राहतो. एअरबॅग सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते. डोळ्याची पापणी लवायला याच्या तिप्पट तरी वेळ लागतो!

या सगळ्या गाड्यांमधल्या लोखंडाची एक गोष्ट आपल्याच मातीत सुरू झाली, आणि ती शाळेत शिकवली जात नाही याचं मला वाईट वाटतं. नागपुरात एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ मध्ये एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूवैज्ञानिकाने लिहिलेला, चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयी. लोहाऱ्याचं लोहखनिज उत्तम आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा! भारतात पोलाद करायचं स्वप्न तिथून सुरू झालं. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना. १९०४ मध्ये दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड बैलगाड्या घेऊन चांद्याच्या जंगलात महिनोन्महिने हिंडले, आणि लोखंड कारखान्यापुरतं नाही असं दिसल्यावर हार मानून दोराबजी नागपूरला आले. अधिकाऱ्याची वाट पाहता पाहता समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भाच्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्हा लोखंडाच्या रंगाने रंगवलेला दिसला. त्या धाग्याने शोध मयूरभंजपर्यंत गेला, कारखाना जमशेदपूरला झाला आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद ओतलं गेलं. पुढे त्याच घराण्याच्या टेल्कोने १९५४ मध्ये ट्रक काढला आणि १९९४ मध्ये सुमो. सुमो हे नाव सुमंत मुळगावकर या मराठी माणसाच्या नावाआडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून. काळी-पिवळीची सुमो आलापल्लीच्या रस्त्यावरून धावली, तेव्हा चांद्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केलेली गोष्टच एक फेरा मारून परत आली होती. आता तर एटापल्लीच्या सुरजागड डोंगरातलं लोहखनिजही बाहेर जातं आहे.

आणि विजेची गाडी? तिच्यात कार्बोरेटर नाही, प्लग नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. मोटरचा फिरणारा मुख्य भाग एकच, आणि तिची ताकद पहिल्या क्षणापासून पूर्ण. पेट्रोलचं इंजिन पोटात घेतलेल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा चाकांना देतं, बाकी उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि धुरातून निघून जाते. मोटर दहातले जवळजवळ नऊ हिस्से देते. उतारावर ब्रेक मारला की तीच मोटर उलट काम करून वीज बनवते आणि बॅटरीत परत भरते.

ती वीज येते कुठून? राज्यातल्या विजेचा मोठा वाटा आपल्या दारातून जातो. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. त्याच्या भट्ट्यांत जळतो तो वर्धा खोऱ्याचा कोळसा, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली जंगलं. डायनोसॉरही तेव्हा जन्मायचे होते! आणि हा कोळसा जाळताना उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, म्हणजे मोटरने वाचवलेलं बरंचसं इथे खर्ची पडतं. धूर मुंबईपुण्याच्या चौकातून उठून चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या चिमणीवर जातो. तो चंद्रपूरकर श्वासातून घेतात, हे विजेच्या गाडीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. छपरावरच्या सौर पॅनेलने गाडी भरली, तर हा हिशेब पार बदलतो, आणि उन्हाची तर चांद्याला कधीच वाण नव्हती.

एक विनंती आहे. चंद्रपूर, वरोरा, मूल, ब्रह्मपुरी, अहेरीच्या जुन्या गॅरेजांत कार्बोरेटर खोलून बसवणारे, पॉइंटची फट नजरेने लावणारे मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत. त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. घरात मुलं असतील तर त्यांना घेऊन जा, डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढायला सांगा, ती दोन वजनं बोटांनी हलवून बघू द्या आणि मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून ठेवा. गोठ्यात किंवा वाड्याच्या मागे जुनी जीप, पद्मिनी उभी असेल, तर खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. भंगारवाल्याला बोलावण्याआधी मिस्त्रीला बोलवा.